उपजत गुण की सराव? क्रिकेट शिकणाऱ्यांसाठी शिवाजी पार्कचा धडा

खेळातले कौशल्य दोन गोष्टींतून घडते: जन्मतः मिळालेले शरीर आणि स्वभाव, आणि त्यावर वर्षानुवर्षे घेतलेली मेहनत. यांत मोठा वाटा कशाचा, हा वाद गोल्फपासून मल्लखांबापर्यंत प्रत्येक खेळात आहे. दादरमध्ये तो निघतो तो बहुधा क्रिकेटवरून, कारण शिवाजी पार्कच्या मैदानाने दोन्ही बाजूंना भरपूर पुरावा दिला आहे. सुमारे २८ एकरांचे हे मैदान १९२५ मध्ये माहीम पार्क म्हणून खुले झाले आणि १९२७ मध्ये, शिवाजी महाराजांच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण होण्याच्या निमित्ताने, त्याला आजचे नाव मिळाले. विजय मांजरेकर, अजित वाडेकर, संदीप पाटील यांच्यापासून सचिन तेंडुलकरपर्यंत अनेकांची घडण या मातीत झाली.

प्रश्न चर्चेपुरता नाही. मुलाला शिबिरात घालावे का, रोज किती तास खेळू द्यावे, दोन वर्षांत निवड झाली नाही तर थांबावे का, हे घराघरांतले निर्णय त्याच्या उत्तरावर ठरतात. म्हणून आधी पुरावा काय सांगतो ते पाहणे आणि मग त्यानुसार सरावाची आखणी करणे, हा योग्य क्रम.

उपजत म्हणजे नेमके काय

उंची, हातापायांची लांबी, स्नायूंची ठेवण, सांध्यांची लवचीकता या गोष्टी मोठ्या प्रमाणात आईवडिलांकडून येतात. उंच वेगवान गोलंदाजाला चेंडू उसळवण्याचा जो फायदा मिळतो, तो सरावाने कमावता येत नाही. धीर, चिकाटी, एकाग्रता यांतही जन्मजात अंश असतो, मात्र वळण लावून त्या पुष्कळ वाढवता येतात.

कमी लक्षात घेतला जाणारा एक उपजत गुण म्हणजे सरावाला शरीराने दिलेला प्रतिसाद. अमेरिका आणि कॅनडातील संशोधकांनी ‘हेरिटेज’ नावाच्या मोठ्या अभ्यासात व्यायामाची सवय नसलेल्या शेकडो लोकांना २० आठवडे एकाच पद्धतीचा व्यायाम दिला. काहींचा दम खूप वाढला, काहींचा जवळजवळ वाढलाच नाही, आणि हा फरक बऱ्याच अंशी घराण्यांनुसार पडलेला दिसला. सारखी मेहनत घेणाऱ्या दोन मुलांना सारखे फळ मिळेलच असे नाही. हे फळ किती मिळणार ते मेहनत घेतल्याशिवाय कळतही नाही.

फलंदाजाची ‘नजर’ हा मात्र पुष्कळदा गैरसमजाचा विषय असतो. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू हातातून सुटल्यावर फलंदाजापर्यंत पोहोचायला साधारण अर्धा सेकंद लागतो. माणसाला दिसलेल्या गोष्टीवर हालचाल सुरू करायलाच सुमारे पाव सेकंद जातो, बॅट खाली आणायला आणखी वेळ लागतो. म्हणजे चेंडू शेवटपर्यंत पाहून मग फटका ठरवणे कोणालाच शक्य नसते. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाउड या संशोधकांनी २००० मध्ये फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या. फलंदाज चेंडू सुटताना पाहतो आणि लगेच नजर पुढे नेऊन, चेंडू जिथे पडणार त्या टप्प्यावर ठेवतो. चांगला फलंदाज ही उडी लवकर घेतो. इतर प्रयोगांतून असेही दिसले की तयार फलंदाज गोलंदाजाचा खांदा, मनगट आणि हाताची दिशा पाहून चेंडू सुटण्यापूर्वीच अंदाज बांधू लागतो. साध्या प्रतिक्रियेच्या वेगात तो सामान्य माणसाच्या फार पुढे नसतो. ज्याला प्रेक्षक उपजत नजर म्हणतात, ती बरीचशी हजारो चेंडू खेळून साठवलेली ओळख असते.

घराण्याचा मुद्दाही याच कसोटीवर तपासावा. विजय मांजरेकरांचा मुलगा संजय कसोटी खेळला, सुनील गावसकरांचे मामा माधव मंत्री हे कसोटी यष्टिरक्षक होते. अशा घरातल्या मुलाला रक्तातून काही मिळाले असेल. पण लहानपणापासून कानावर पडलेली क्रिकेटची भाषा, हाती आलेली बॅट आणि चूक दाखवणारी जाणती माणसे हेही त्याला त्याच घरात मिळाले. बाहेरून पाहणाऱ्याला या दोहोंची विभागणी करता येत नाही.

सरावाच्या बाजूने आणि त्याच्या मर्यादेत

सरावाची बाजू मांडणारे सर्वांत प्रसिद्ध संशोधन अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. १९९३ मध्ये त्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिनवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वोत्तम गटातील विद्यार्थ्यांनी विशीपर्यंत सरासरी सुमारे १०,००० तास एकट्याने सराव केला होता, खालच्या गटांचे तास त्याहून कमी होते. पुढे २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेल यांच्या ‘आउटलायर्स’ या पुस्तकाने त्यातून ‘दहा हजार तासांचा नियम’ लोकप्रिय केला. स्वतः एरिक्सन यांना हा नियम मान्य नव्हता. दहा हजार ही सरासरी होती, उंबरठा नव्हता. आणि महत्त्व तासांपेक्षा सरावाच्या प्रकाराला होते.

या नियमाची एक उघड परीक्षा गोल्फमध्ये झाली. अमेरिकेतील पोर्टलंडचा छायाचित्रकार डॅन मॅक्लॉफ्लिन याने २०१० मध्ये, वयाच्या तिशीत, नोकरी सोडली आणि गोल्फचा १०,००० तास सराव करून व्यावसायिक स्पर्धांपर्यंत पोहोचण्याचा संकल्प केला. सल्ल्याला एरिक्सनही होते. त्याने सुरुवात छिद्राजवळच्या छोट्या ‘पट’ फटक्यांपासून केली आणि हळूहळू लांबच्या फटक्यांकडे गेला. काही वर्षांत त्याचा हँडिकॅप (जितका कमी तितका खेळ चांगला) तीनच्या खाली आला. हौशी खेळाडूंपैकी फार थोडे तिथवर पोहोचतात. मात्र सहा हजारांहून अधिक तासांनंतर, २०१५ मध्ये, पाठीच्या दुखापतीने त्याला थांबावे लागले आणि व्यावसायिक पातळी दूरच राहिली. विशेष गुण न दिसलेला माणूसही नीट सरावाने खूप पुढे जातो आणि शरीर साथ देईल तिथपर्यंतच जातो, या दोन्ही गोष्टी या एका प्रयोगात दिसतात.

पुढे ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. २०१४ च्या या विश्लेषणात खेळाडूंच्या कामगिरीतील फरकांपैकी सुमारे १८ टक्के फरक जाणीवपूर्वक केलेल्या सरावाने समजावता आला. संगीतात हा आकडा सुमारे २१ टक्के होता. २०१६ मध्ये त्यांनी फक्त खेळांचे अभ्यास तपासले, तेव्हा उच्च दर्जाच्या खेळाडूंच्या आपसांतील फरकात सरावाचा वाटा जेमतेम एक टक्का निघाला. हा आकडा घाईने वाचू नये. वरच्या पातळीवर सगळ्यांनीच प्रचंड सराव केलेला असतो, त्यामुळे त्यांच्यात उरलेला फरक इतर कारणांनी पडतो. तिथवर पोहोचायला सराव लागत नाही, असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

परिस्थिती जितकी स्थिर, तितका सरावाचा वाटा मोठा, हेही २०१४ च्या विश्लेषणातून दिसले. गोल्फचा चेंडू जागेवर स्थिर असतो. शिवाजी पार्कवरच्या समर्थ व्यायाम मंदिरात शिकवल्या जाणाऱ्या मल्लखांबाचा खांबही जागचा हलत नाही. तिथे मूल साध्या अढीपासून, म्हणजे पायांच्या पकडीपासून, पायरीपायरीने वर जाते आणि अढी सुटली की त्याच क्षणी चूक कळते. फलंदाजीत समोरचा गोलंदाज दर चेंडूला नवे कोडे घालतो. म्हणून फलंदाजाचा सराव एकाच हालचालीच्या आवृत्तीवर थांबून चालत नाही, त्यात अंदाज आणि निर्णय यांचाही सराव यावा लागतो.

मैदानाने दिलेला पुरावा

१९८४ च्या सुमारास अकरा वर्षांच्या सचिनला त्याचा भाऊ अजित शिवाजी पार्कवर प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांच्या नेटमध्ये घेऊन आला. सर समोर उभे असताना मुलगा दबून खेळला आणि निवड होईना. सरांनी दूर उभे राहून, मुलाला न कळता पाहावे, अशी विनंती अजितने केली आणि मग गुण दिसला. इतक्या जाणत्या नजरेलाही पहिल्या भेटीत गुण दिसला नाही, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. कामत मेमोरियल क्लबकडून पहिल्या दोन सामन्यांत सचिन शून्यावर बाद झाला, पहिली धाव तिसऱ्या सामन्यात निघाली.

त्यापुढे जे घडले ते सरावाचे उदाहरण म्हणून बारकाईने पाहण्यासारखे आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी साडेसातला नेट सुरू होई. दिवसा सराव सामना, साडेचारला तो संपला की अर्ध्या तासाची विश्रांती, पाचला पुन्हा नेट आणि ते सातपर्यंत. शेवटची पंधरा मिनिटे आचरेकर सर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. शिबिरातले गोलंदाज एकामागून एक येत, साठ-सत्तर मुले क्षेत्ररक्षणाला पसरलेली असत. चेंडू हवेत गेला की झेल ठरलेला, म्हणून प्रत्येक फटका जमिनीलगत ठेवावा लागे. बाद केले तर नाणे गोलंदाजाचे, टिकला तर सचिनचे. अशी १३ नाणी त्याने जपून ठेवली. ते झाल्यावर पॅड बांधूनच मैदानाला दोन फेऱ्या. सर त्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामन्याला नेत. शाळा वांद्र्याहून बदलून दादरची शारदाश्रम झाली, मुक्काम शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे हलला. घरच्यांनी सरावाच्या वेळा धरून दिवसाची मांडणीच बदलली.

यातल्या एका रुपयाच्या खेळात चांगल्या सरावाची जवळजवळ सगळी लक्षणे आहेत. ध्येय स्पष्ट: पंधरा मिनिटे बाद व्हायचे नाही. चूक झाली की निकाल तत्काळ. थकलेल्या शरीरावर आणि दबावाखाली घेतलेली परीक्षा. दर चेंडूला वेगळा गोलंदाज. आणि जिंकायला लागणारे एक नेमके तंत्र, चेंडू खाली ठेवण्याचे.

सचिनच्या शाळेच्या संघात आणखी दोन मुले होती. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात सेंट झेवियर्सविरुद्ध सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची नाबाद भागी केली. कांबळी ३४९, सचिन ३२६. पुढे कांबळी १७ कसोटी खेळला आणि ५४.२० च्या सरासरीने १,०८४ धावा केल्या, त्यात लागोपाठ दोन द्विशतके. ही सरासरी सचिनच्या कारकिर्दीच्या सरासरीहूनही वर आहे, पण वयाच्या तेविसाव्या वर्षी त्याची शेवटची कसोटी झाली. तिसरा मुलगा अमोल मुझुमदार त्या भागीच्या वेळी पॅड बांधून पुढच्या क्रमांकासाठी बसून राहिला होता. रणजी पदार्पणात त्याने हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा जमवल्या, तरी भारताची टोपी त्याला मिळाली नाही. २०२५ मध्ये भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तोच होता.

शिवाजी पार्कच्याच पद्माकर शिवलकर यांनी डावखुऱ्या फिरकीवर प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले. पण त्यांच्या ऐन काळात भारतीय संघात त्याच प्रकारची गोलंदाजी करणारे बिशनसिंग बेदी होते, आणि शिवलकर एकही कसोटी खेळू शकले नाहीत. गुण आणि सराव या दोन्हींच्या जोडीला संधी नावाची तिसरी गोष्ट लागते. तिच्यावर खेळाडूचा ताबा फार थोडा असतो. म्हणून भारतीय संघात निवड हे लहान मुलाच्या सरावाचे माप कधीही ठरवू नये.

सराव कशाला म्हणावे

तासन्‌तास नेटमध्ये उभे राहणे म्हणजे सराव, असे मानणारे निराश होतात. एरिक्सन ज्याला जाणीवपूर्वक सराव म्हणत, त्याला चार अटी आहेत. सरावाआधी एक नेमकी गोष्ट ठरवलेली हवी. काम सध्याच्या कुवतीपेक्षा थोडे अवघड हवे. चूक लगेच कळायला हवी. आणि दुरुस्ती करून तीच गोष्ट पुन्हा करता यायला हवी. आवडता फटका शंभर वेळा मारण्यात आनंद असतो आणि तो आनंद मुलांना मिळायलाही हवा, पण त्याने कमकुवत बाजू सुधारत नाही.

मार्च १९९८ मधील चेन्नई कसोटीपूर्वीची तयारी याचा उत्तम नमुना आहे. ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर शेन वॉर्न ‘राउंड द विकेट’ येऊन लेग स्टम्पबाहेरच्या उखडलेल्या भागात चेंडू टाकणार, हा अंदाज बांधून सचिनने सरावाची खेळपट्टी नेमकी तिथेच खरवडून घेतली आणि लक्ष्मण शिवरामकृष्णनसारख्या लेगस्पिनरला तिथे गोलंदाजी करायला लावली. पहिल्या डावात तो ४ धावांवर बाद झाला, दुसऱ्या डावात नाबाद १५५ काढल्या. एक अडचण, तिच्यासाठी बनवलेली परिस्थिती, तीच ती आवृत्ती: सराव याला म्हणतात, आणि तो अगदी वरच्या खेळाडूलाही सुटत नाही.

सरावात मिसळ ठेवण्याचा फायदा प्रयोगांनी दाखवला आहे. १९९४ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉल खेळाडूंच्या एका गटाला तीन प्रकारचे चेंडू एकेका प्रकारच्या सलग मालिकेत दिले, दुसऱ्याला तेच तीन प्रकार उलटसुलट क्रमाने. सहा आठवड्यांनंतर उलटसुलट क्रमाच्या गटाची सुधारणा सुमारे ५७ टक्के, सलग मालिकेच्या गटाची सुमारे २५ टक्के आणि जादा सराव न केलेल्यांची सुमारे ६ टक्के भरली. मिसळ सराव करताना चुका जास्त होतात, मुलगा अडखळताना दिसतो आणि पाहणाऱ्याला वाटते की काही जमत नाही. सामन्यात मात्र हाच सराव कामी येतो. मुंबईच्या कांगा लीगने १९४८ पासून हेच केले: पावसाळ्यातल्या ओल्या, लहरी खेळपट्ट्यांवर आणि वाढलेल्या गवतात खेळवलेल्या या सामन्यांनी फलंदाजांना कुठल्याही चेंडूवर तग धरायला शिकवले.

नेटच्या वेळेची आखणी

दादर परिसरातल्या शिबिरात एका मुलाच्या वाट्याला प्रत्यक्ष फलंदाजीची मिनिटे थोडीच येतात. म्हणून आलेला प्रत्येक चेंडू कामाला लावणे महत्त्वाचे. दोन तासांचे सत्र असेल तर पुढील मांडणी उपयोगी पडते.

पहिली पंधरा मिनिटे धावणे आणि सांधे मोकळे करणे यांना द्यावीत. पुढची वीस मिनिटे एका ठरवलेल्या दोषावर थ्रो-डाऊन घ्यावेत: पुढचा पाय चेंडूच्या रेषेत जात नसेल, डोके बाजूला पडत असेल किंवा बॅट गलीकडून येत असेल, तर यांपैकी एकच गोष्ट. एका वेळी तीन सूचना घेतल्या की एकही पाळली जात नाही. नेटमधली फलंदाजी सामन्यासारखी करावी: क्षेत्ररक्षण मनात मांडावे, बाद झाल्यास बाहेर यावे, अमुक षटकांत अमुक धावा असे लक्ष्य घ्यावे. आपली पाळी नसताना गोलंदाजाच्या मागे उभे राहावे आणि चेंडू सुटताच तो कुठे पडेल याचा मनात अंदाज करावा. ‘नजर’ घडवण्याचा हा बिनखर्चाचा मार्ग आहे. पंचवीस मिनिटे झेल आणि फेकीला राखावीत. एकनाथ सोलकर यांनी २७ कसोटींत ५३ झेल घेतले, त्यांतले बरेच फलंदाजाच्या अगदी जवळ फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभे राहून. ती जागा धैर्याबरोबर जवळच्या झेलांच्या अखंड सरावाची आहे. शेवटची दहा मिनिटे कसोटीची असावीत: नाणे, पैज, मोजकी षटके, काहीही, दबाव असला म्हणजे झाले.

घरी परतल्यावर वहीत तीन ओळी लिहाव्यात: आज कशावर काम केले, काय जमले, उद्या काय करायचे. महिन्याभराने ही वही प्रगतीचा खरा पुरावा देते, कारण धावा दैवाधीन असतात, पण किती चेंडू खाली ठेवले, किती झेल पकडले, हे मोजता येते.

घरात, गच्चीवर, गल्लीत

सराव फक्त मैदानावर होतो असे नाही. डॉन ब्रॅडमन लहानपणी बाउरलच्या घरामागे पाण्याच्या टाकीच्या विटांच्या चौथऱ्यावर गोल्फचा चेंडू आपटत आणि परत येणारा चेंडू एका स्टम्पने मारत. बारीक बॅट, वेगवान चेंडू, वेड्यावाकड्या दिशा. खेळ एकट्याचा होता, पण नजर आणि पाय यांची कठोर तालीम त्यात होत असे. सुनील गावसकरांचे बालपण चिखलवाडीच्या आवारातील टेनिस बॉलच्या खेळात गेले.

दादरच्या चाळीत वा इमारतीत याची सोपी रूपे शक्य आहेत. जुन्या मोज्यात चेंडू घालून तो दोरीने टांगावा आणि बॅटचा चेहरा पूर्ण दाखवत सरळ खेळावे. भिंतीवर टेनिस बॉल मारून एका हाताने झेल घ्यावेत, अंतर हळूहळू कमी करावे. आरशासमोर चेंडूविना पवित्रा आणि पुढचे पाऊल तपासावे. ओल्या टेनिस बॉलवर घसरत्या चेंडूचा सराव होतो. रोज वीस मिनिटे पुरेशी आहेत, खाडे मात्र नकोत. शेजाऱ्यांच्या काचा आणि दुपारची झोप सांभाळणे हाही शिस्तीचाच भाग मानावा.

वय, शरीर आणि विश्रांती

सचिनचे वेळापत्रक प्रत्येक मुलाला लावणे धोक्याचे आहे. बारा वर्षांखालील मुलांनी क्रिकेटबरोबर धावणे, पोहणे, कबड्डी, खो-खो, मल्लखांब असे इतरही खेळ खेळावेत. तोल, उडी, वळणे, पडणे या मूलभूत क्षमता त्यांतून येतात आणि एकाच हालचालीचा ताण शरीरावर पडत नाही. तेरा-चौदानंतर एका खेळाकडे झुकणे ठीक. या वयात, वयोगट ठरवणाऱ्या वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेला मुलगा त्याच वयोगटात वर्षअखेरीस जन्मलेल्या मुलापेक्षा अंगाने मोठा दिसतो आणि निवडीत पुढे जातो. या अंगकाठीला गुण समजू नये, आणि मागे राहिलेल्याला कमअस्सल ठरवू नये.

वेगवान गोलंदाजांची विशेष काळजी घ्यावी. वाढत्या वयात कमरेच्या मणक्याला सूक्ष्म तडा जाण्याची दुखापत त्यांच्यात नेहमी आढळते. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने यासाठी मर्यादा घातल्या आहेत: तेरा वर्षांखालील वेगवान गोलंदाजाने एका टप्प्यात पाचपेक्षा आणि दिवसात दहापेक्षा जास्त षटके टाकू नयेत. क्लब, शाळा आणि शिबिर अशा तीन ठिकाणी गोलंदाजी करणाऱ्या मुलाची एकूण षटके कोणीतरी एकाने मोजावीत, आणि ते काम पालकांनीच करावे. कंबरदुखी दोन आठवडे राहिली तर मालिश न करता डॉक्टरांकडे जावे. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी आणि रात्रीची पुरेशी झोप हेही सरावातच मोडते, कारण शिकलेली हालचाल विश्रांतीत पक्की होते.

गुण कसा ओळखावा

उपजत गुण पाहण्याची योग्य वेळ सरावाच्या आधी नसून वर्षभराच्या नीट सरावानंतर असते. दाखवलेली दुरुस्ती मुलगा किती लवकर आत्मसात करतो, दबावात ती टिकते का, कोणी न सांगता तो स्वतः बॅट हाती घेतो का, या तीन गोष्टी पाहाव्यात. पहिल्या दिवसाचा सुंदर कव्हर ड्राईव्ह यांच्यापुढे फारसे काही सांगत नाही.

गुण अपेक्षेपेक्षा वेगळ्या जागीही असू शकतो. १९८७ मध्ये सचिन वेगवान गोलंदाज होण्यासाठी चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये गेला होता. तिथले प्रशिक्षक डेनिस लिली यांनी त्याला फलंदाजीवरच लक्ष देण्याचा सल्ला दिला. दोन वर्षांनी, १६ व्या वर्षी, तो कराचीत कसोटी खेळला. एका भूमिकेत प्रगती थांबली तर दुसरी आजमावावी: मध्यमगती सोडून फिरकी, सलामी सोडून यष्टिरक्षण. दोन-तीन वर्षांच्या प्रामाणिक सरावानंतरही खेळाडू स्पर्धेच्या पातळीवर पोहोचला नाही, तर पंच, गुणलेखक, प्रशिक्षक अशा वाटा खुल्या आहेत आणि कोणत्याही वयात क्लबची हौस आहेच.

पालक आणि प्रशिक्षक

शिबिर निवडताना मोठ्या नावांची पाटी पाहण्याऐवजी तिथे एक तास उभे राहून निरीक्षण करावे. एका नेटमागे किती मुले आहेत, प्रशिक्षक चूक सांगून ती पुन्हा करून घेतो का, मुलांना सामने किती मिळतात, क्षेत्ररक्षणाला वेळ दिला जातो का, लहान वेगवान गोलंदाजांची षटके मोजली जातात का, हे पाहावे. महागडी इंग्लिश विलो पहिल्या वर्षी लागत नाही. वजनाला हलकी, उंचीला योग्य बॅट, घट्ट बसणारे हेल्मेट आणि गार्ड मात्र पहिल्या दिवसापासून हवेत.

घरी परतलेल्या मुलाला पहिला प्रश्न ‘किती धावा केल्या’ असा विचारू नये. ‘आज काय शिकलास’ असे विचारावे. ज्या मुलाची स्तुती केवळ ‘उपजत गुणी’ म्हणून होते, ते अपयश आले की आपल्यात गुणच नाही असे मानू लागते. मेहनत आणि दुरुस्ती यांची स्तुती झालेले मूल अपयशातून पुन्हा नेटकडे वळते.

उपजत गुण किती आहे, हे दहाव्या वर्षी कोणालाच सांगता येत नाही. संधी केव्हा येईल, हे तर विसाव्या वर्षीही सांगता येत नाही. सराव कसा करायचा, हे मात्र पहिल्या दिवसापासून खेळाडूच्या आणि त्याच्या घरच्यांच्या हातात असते. म्हणून गुणाची चिंता बाजूला ठेवावी, उद्याच्या नेटसाठी एक नेमकी चूक निवडावी आणि ती सुधारेपर्यंत तिच्यामागे लागावे.